नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं रोजचं मानसशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आणि जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला मानसशास्त्र असतं. तेव्हा मुलं वॉर्डात धड रुळलेलीही नसतात. विषय पाठ होतो, पेपर होतो, पुस्तक ज्युनिअरला विकलं जातं. खरे प्रश्न येतात ते नंतर, बहुतेक रात्री अकराच्या पुढे, त्यांना शिकवणाऱ्या माझ्या व्हॉट्सॲपवर. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. नावं, वॉर्ड आणि गावं काढली आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकदा दिलेलं उत्तर परत दिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक टाकला आहे.

१. आम्हाला मानसशास्त्र कशाला? आम्ही काय सगळे मानसोपचाराच्या वॉर्डात नोकरी करणार आहोत?

सर्जिकल वॉर्डातली सकाळ घ्या. आजोबांचं स्पंजिंग (ओल्या फडक्याने अंग पुसणं) करायचंय आणि ते ‘नको’ म्हणतात. पाणी गार असेल. पडदा नसेल आणि शेजारी सून बसली असेल. किंवा रात्री अंथरूण ओलं झालं असेल आणि ते कुणाला कळू द्यायचं नसेल. ‘पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह’ असं लिहून मोकळं होता येतं. सुनेला चहा प्यायला पाठवून, पडदा ओढून परत विचारताही येतं.

माणूस असा का वागला याचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्याआधी त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगात शोधायचं, माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. आपण उलट करतो. मी उशिरा आले कारण एसटी चुकली, ती उशिरा आली कारण ती आळशी. दुसऱ्याची परिस्थिती विसरून थेट स्वभावावर बोट ठेवण्याच्या या खोडीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘मूलभूत आरोपण-दोष’ म्हटलं. नाव परीक्षेपुरतं लक्षात ठेवा, एसटी कायमची.

२. सायकॉलॉजी, सायकियाट्री आणि मेंटल हेल्थ नर्सिंग एकच ना?

नाही. सायकॉलॉजी म्हणजे मन आणि वर्तन यांचा अभ्यास, त्यात धडधाकट माणसंही आली. सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषधं लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतो, औषधं लिहीत नाही. मेंटल हेल्थ नर्सिंग हा तुमचा पुढच्या वर्षांतला वेगळा विषय आहे, त्याला पोस्टिंगही, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष कामही असतं (प्र. १५).

३. घरचे म्हणतात, ‘सायकॉलॉजी शिकतेस ना, मग सांग माझ्या मनात काय चाललंय.’ काय सांगू?

‘भूक लागली असेल’ असं सांगा, बहुतेक वेळा जमून जातं.

मन ओळखता येत नाही. विचारता येतं, आणि वॉर्डात तेच करायचं असतं. दुखण्याबद्दल तर नक्कीच. चेहरा शांत आहे म्हणजे दुखत नाही, असं धरू नका. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ मध्येच मांडलं की अनुभवणारा माणूस सांगेल ते आणि तेवढं दुखणं खरं मानायचं. आपल्याकडे यात एक मेख आहे. सासूबाई खाटेशेजारी असतील तर बाई टाक्यांचं दुखणं ‘थोडंसंच’ सांगते. तोच प्रश्न बाथरूमकडे नेताना, दोघीच असताना विचारा. आकडा बदलतो.

४. रात्रभर वाचते, सगळं येतं, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलसमोर, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसले की पाटी कोरी. माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का?

डोकं ठीक आहे, सराव चुकीच्या गोष्टीचा होतोय. तुम्ही वाचायचा सराव करता, आठवायचा करत नाही. पानावर हायलाइटर फिरवला की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं झालं म्हणजे पाठ झालं असा समज होतो. मेसच्या काकांना रोज बघता. त्यांना चष्मा आहे का, आत्ता सांगा.

हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःवरच मोजून दाखवलं की विसरणं सुरुवातीच्या तासांत सगळ्यात वेगाने होतं, मग मंदावतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

मग करायचं काय? पुस्तक मिटायचं आणि रूममेटला विचारायला लावायचं. आज, परवा, पुढच्या रविवारी. मेसच्या रांगेत, बसस्टॉपवर. आणि कारणासकट पाठ करा. ‘पोटॅशियम क्लोराइड शिरेत पुश करायचं नाही’ हे नुसतं वाक्य विसरतं. ‘तसं दिलं तर हृदय बंद पडू शकतं’ हे त्याला जोडलं की विसरत नाही.

राहिली व्हायवाची भीती. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर पाहिलं की काम अवघड असेल तर जास्त ताणाने ते बिघडतं. थोडी धडधड चांगलीच. फार वाढली तर खोलीबाहेर उभं राहून श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. आणि आदल्या रात्री झोपा. वाचलेलं झोपेत पक्कं होतं, जागरण केलं की त्यावरच पाणी पडतं.

५. ज्या सिस्टीमचं युनिट चालू असतं तो आजार मला झालाय असं वाटतं. थायरॉइड झाला, मग किडनी, आता ब्रेन ट्यूमर.

मेडिकलच्या मुलांचं हे जुनं दुखणं आहे, नर्सिंगच्या मुलांनाही होतं. शरीर रोजच काहीबाही कुरकुरत असतं. आजवर त्याला नाव नव्हतं म्हणून तुम्ही ऐकत नव्हता, आता नावं शिकलात. युनिट बदललं की आजारही बदलतो, यावरूनच ओळखा.

अपवाद टीबीचा. वॉर्डात तुमचा संपर्क खरोखरच येतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर ‘माझ्या मनाचे खेळ’ म्हणत बसू नका, थुंकी तपासून घ्या.

६. पहिल्याच ड्रेसिंगला मला चक्कर आली. सगळे हसले. मी नर्स होऊ शकेन का?

होऊ शकाल. मी पहिल्या सिझेरियनला ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) भिंतीला पाठ लावून खाली बसले होते. मामांनी (वॉर्डबॉयनी) न बोलता स्टूल पुढे सरकवलं होतं. पुढे त्याच ओटीत मी ड्यूटी केली.

कुत्र्याची, उंचीची भीती वाटते तेव्हा बीपी आणि नाडी वाढतात. रक्ताच्या भीतीत वेगळं घडतं. आधी बीपी चढतं आणि मग एकदम कोसळतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस आडवा होतो. म्हणून ‘अंग सैल सोड, रिलॅक्स हो’ हा प्रेमळ सल्ला इथे उलटा पडतो. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी यासाठी स्नायू आवळण्याची पद्धत रुळवली. हात, पाय आणि पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, पूर्ववत करायचं, अर्ध्या मिनिटाने पुन्हा, असं पाच वेळा. ट्रॉलीमागे उभ्या राहून केलंत तर कुणाला कळतही नाही.

उपाशी जाऊ नका. गुडघे ताठ करून एका जागी उभ्या राहू नका. डोळ्यांपुढे अंधारी आली की लाज न धरता जमिनीवर बसा, स्टराइल ट्रेवर पडण्यापेक्षा ते बरं. आणि दर वेळी वॉर्डाबाहेर पळू नका. पळाल्यावर जी सुटका वाटते, तीच भीतीला खतपाणी घालते. आज लांबून, उद्या जवळून, परवा गॉज हातात घेऊन.

रक्त न बघता, चालताना किंवा जिना चढताना चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

७. नातेवाईक डॉक्टरांसमोर मान डोलावतात आणि आमच्यावर ओरडतात. आम्ही काय घोडं मारलंय?

एका दुपारी मेडिसिन वॉर्डात एक माणूस पंख्यावरून आमच्या विद्यार्थिनीच्या अंगावर आला. पंखा फिरतो पण वारा लागत नाही, फुकटचा पगार घेता, वगैरे. तिने ‘शांत व्हा’ म्हटलं आणि तो आणखी भडकला. ‘शांत व्हा’ ऐकून कुणी शांत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. मी विचारलं, ‘दादा, कधीपासून आहात इथं?’ तो थांबला. ‘परवा रात्री साडेतीनपासून. दोन वेळा वडापाव खाल्लाय.’ मग खरं बाहेर आलं. वडिलांचा सीटी स्कॅन झाला होता आणि रिपोर्टबद्दल त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

याला विस्थापन (डिस्प्लेसमेंट) म्हणतात. राग एकावर, निघतो दुसऱ्यावर, आणि तो दुसरा असा निवडला जातो की ज्याच्यापासून धोका नाही. डॉक्टरांवर ओरडलं तर वडिलांच्या उपचारावर परिणाम होईल ही भीती, मामांवर ओरडलं तर स्ट्रेचर मिळणार नाही. उरतो तो नवा कोरा ॲप्रन घातलेला विद्यार्थी.

अशा वेळी माहिती द्या, वेळेसकट. ‘डॉक्टर साडेचारला येतील, तेव्हा मी तुम्हाला हाक मारते.’ आणि हाक मारा. विसरलात तर पुढच्या वेळी पंखा नाही, टेबल उलटेल.

मात्र राग समजून घेणं वेगळं आणि सोसणं वेगळं. शिवीगाळ झाली, हात उगारला गेला की मागे सरा, इन्चार्ज सिस्टर आणि सुरक्षारक्षकांना बोलवा. रुग्णालयातल्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि नर्सिंगचे विद्यार्थीही त्यात येतात.

८. लहान मुलं मला बघूनच रडतात. मी अजून सुई काढलेलीसुद्धा नसते.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांसारखंच. अन्नाआधी ठरावीक इशारा होत राहिला की नुसत्या इशाऱ्याने कुत्र्याला लाळ सुटू लागते. ॲप्रननंतर सुई टोचली जाते, मग नुसता ॲप्रन पुरतो. (पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या कामासाठी. व्हायवाला हमखास फसवतात.) त्यात आपल्या आया भर घालतात, ‘खा पटापट, नाहीतर सिस्टरला सांगेन सुई टोचायला.’ तुमची बदनामी तुम्ही वॉर्डात पोचायच्या आधीच झालेली असते.

जोडी तोडायची तर सुईविना भेटा. नुसतं येऊन थर्मामीटर लावा, स्टेथोस्कोप त्याच्या हातात द्या, बाहुलीचं बीपी घ्या. ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका, पुढच्या डोसला तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत उरत नाही. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, तीनपर्यंत मोजू’ असं सांगा आणि खरंच तीनलाच टोचा, दोनला नाही. टोचण्याच्या जागेजवळ चोळलं की दुखणं कमी जाणवतं. मेलझॅक आणि वॉल यांच्या १९६५ च्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतात त्याचं स्पष्टीकरण आहे. आजी ‘लागलं का? ये, चोळून देते’ म्हणते ते उगाच नाही.

मोठ्यांचंही असंच. केमोथेरपी घेणाऱ्याला वॉर्डाच्या नुसत्या वासाने उमासे येतात. घरी ठीक असलेलं बीपी आपल्यासमोर चढतं. पाच मिनिटं बसवून परत घ्या.

९. ‘सिस्टर, एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल.’ सलाईनची गरज नसते, तरी लावल्यावर बरं वाटतं म्हणतात. हे नाटक का?

नाटक नाही. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे गोड चहाच्या दोन-तीन कपांत असते तेवढी. पण बाटली चढत असताना माणूस तास-दीड तास आडवा पडतो, कुणीतरी येऊन हात बघतं, भाऊबंद भेटायला येतात, शेताचं काम दुसरा बघतो. आणि सलाईनने बरं वाटतं असं गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ही अपेक्षा शरीरावर खरंच काम करते. हेन्री बीचर यांनी १९५५ मध्ये प्लासिबोवरच्या (आत औषध नसलेल्या नुसत्या गोळी-इंजेक्शनवरच्या) लेखातून वैद्यकाचं लक्ष इकडे वेधलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की वेदनाशामक रुग्णाला सांगून दिलं तर जास्त आराम पडतो, त्याच्या नकळत पंपातून सोडलं तर कमी.

म्हणून पेनकिलर देताना तोंड बंद ठेवून ट्रे घेऊन निघून जाऊ नका. ‘हे दुखण्याचं आहे, अर्ध्या तासात उतार पडेल’ एवढं बोला. औषध तेच, खर्च शून्य.

१०. मग दुखण्याची सारखी तक्रार करणाऱ्याला डिस्टिल्ड वॉटरचं इंजेक्शन दिलं तर? एका सीनियरने सांगितलं होतं.

नाही. ऑर्डरशिवाय काहीही टोचायचं नाही, हे एक. दुसरं, ही फसवणूक आहे, आणि ती उघडी पडली की त्या वॉर्डातल्या प्रत्येक इंजेक्शनवरचा विश्वास उडतो. तिसरं, त्या पाण्याने दुखणं थांबलं तरी ‘म्हणजे दुखतच नव्हतं’ हे सिद्ध होत नाही. मोडलेल्या हाडाचं दुखणंही अपेक्षेने कमी होतं. तक्रार लिहा, कळवा, पुन्हा विचारा (प्र. ३).

११. ‘काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ असं म्हणायचं की नाही?

शक्यतो नाही. हे वाक्य बोलणाऱ्याला मोकळं करतं, ऐकणाऱ्याला गप्प करतं. बाई भीती सांगायला तोंड उघडत असते आणि आपण झाकण लावतो. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांच्या असल्या पोकळ आशा आणि फुकट सल्ल्यांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. त्या इथल्या भेटीच्या वेळेत आल्या असत्या तर दुसरं प्रकरण लिहिलं असतं.

त्याऐवजी: ‘सगळ्यात जास्त कशाची धास्ती वाटतेय?’ मग गप्प राहा. दहा सेकंद फार लांब वाटतात, राहा तरीही. उत्तर अनेकदा आजाराबद्दल नसतंच. म्हशीची धार कोण काढतंय, हप्ता कोण भरणार. ज्याची खात्री आहे ते जरूर सांगा: ‘ऑपरेशन उद्या आठला आहे, तोवर मी ड्यूटीवर आहे.’

१२. वडील गेल्यावर मुलगा हसून फोनवर बोलत होता. कुब्लर-रॉसच्या कुठल्या स्टेजमध्ये बसतो?

बसवू नका. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मरणाला सामोरं जाणाऱ्या मनाच्या पाच अवस्था मांडल्या त्या मुख्यतः मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. त्या क्रमाने येतातच असं नाही, सगळ्या येतात असंही नाही. तो मुलगा कदाचित फोनवर ॲम्ब्युलन्सचं भाडं ठरवत असेल.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांच्या पिरॅमिडचंही तसंच. गरजांची उतरंड (आधी भूक-तहान आणि सुरक्षितता, मग प्रेम आणि मान) त्यांनी १९४३ मध्ये मांडली, पिरॅमिड त्यांनी काढलेला नाही. आणि वॉर्डात ती उतरंड सर्रास मोडते. ऑपरेशनला नेताना एक बाई मंगळसूत्र काढायला तयार नव्हती. नियम सांगून झाले, शेवटी नवऱ्याला ओटीच्या दारापर्यंत आणलं. तिने ते स्वतः काढून त्याच्या हातावर ठेवलं, त्याची मूठ मिटवली आणि मग स्ट्रेचरवर आडवी झाली. परीक्षेचा पेपर असता तर ‘सुरक्षितता आधी’ हे उत्तर बरोबर होतं.

१३. माझा पेशंट गेला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मैत्रिणीला रडूच आलं नाही. आमच्यापैकी चूक कोण?

कुणीच नाही. काहींना तेव्हा येतं, काहींना आठ दिवसांनी मेसमध्ये शिरा वाढताना. नातेवाइकांसोबत डोळे भरून आले तरी बिघडत नाही. फक्त त्यांनीच तुमची समजूत काढायची वेळ येऊ देऊ नका.

आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, असं पगारासाठी ठेवावं लागतं त्याला अर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम म्हटलं. त्यांनी हवाई सुंदरींचा अभ्यास केला होता, पण तुम्ही एका खाटेवर चादर ओढून शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीला हसून ‘बाळ दूध पितंय ना?’ विचारता, तेही तेच. हे श्रम आहेत, त्यांचा थकवा येणारच. ड्यूटी संपल्यावर कुणाला तरी सांगा, नाव न घेता. काहीच वाटेनासं झालं, पेशंट म्हणजे नुसता ‘बेड नंबर नऊ’ झाला आणि हे आठवडेच्या आठवडे टिकलं, तर ती बर्नआउटची खूण असू शकते. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार नाही, कामाशी जोडलेली अवस्था मानते. मग प्र. १७ चा शेवट वाचा.

१४. फोनवर सांगितलेला डोस मला जास्त वाटला. सीनियर डॉक्टर होते. मी कोण विचारणारी?

१९६६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी ‘डॉक्टर’ वॉर्डात फोन करून एका अनोळखी औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगायचा. डबीवर लिहिलेलं होतं, दिवसाला कमाल १० मिलिग्रॅम. २२ पैकी २१ नर्स द्यायला निघाल्या, त्यांना वाटेतच थांबवलं गेलं. गोळ्या साखरेच्या होत्या. मजा पुढे आहे. हाच प्रसंग कागदावर देऊन २१ नर्सिंग विद्यार्थिनींना विचारलं होतं, तेव्हा सगळ्या म्हणाल्या, आम्ही देणार नाही. वर्गात सगळेच शूर असतात.

१९७७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी औषध ओळखीचं ठेवलं आणि सहकाऱ्यांशी बोलायची मुभा दिली. तेव्हा १८ पैकी १६ जणी थांबल्या. म्हणजे धाडस स्वभावातच असावं लागतं असं नाही, औषध माहीत असणं आणि शेजारी विचारायला कुणीतरी असणं यानेही ते येतं.

विद्यार्थी म्हणून फोनवरची ऑर्डर तुम्ही घ्यायचीच नाही, फोन स्टाफ सिस्टरकडे द्या. समोरासमोर असाल तर आव्हान देऊ नका, वाचून दाखवा: ‘सर, परत सांगते, अमुक औषध, इतके मिलिग्रॅम, आयव्ही. बरोबर?’ निम्मी चूक तिथेच पकडली जाते. आणि औषध भरताना कुणी हाक मारली तर ‘दोन मिनिटं’ म्हणा. ऑस्ट्रेलियातल्या २०१० च्या एका अभ्यासात औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययासोबत चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या.

१५. मेंटल हॉस्पिटलच्या पोस्टिंगची भीती वाटते. पेशंट मारतात का?

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, बहुतेकांची पोस्टिंग यांपैकी कुठेतरी लागते. पहिल्या दिवशी मुली घोळक्याने फिरतात, ओढण्या घट्ट पिन करून. चौथ्या दिवशी कॅरम खेळत असतात. माझा अनुभव असा की भीतीपेक्षा कंटाळा जास्त येतो. नियम मात्र पाळा: दार आणि तुमच्यामध्ये कुणी येऊ देऊ नका, लटकणारं काही घालू नका, भ्रमाशी वाद घालू नका आणि हो ला हो-ही करू नका. ‘तुम्हाला ते आवाज ऐकू येतात, मला येत नाहीत. भीती वाटत असेल ना?’ एवढं पुरतं.

१६. एक आजी मला नात म्हणतात, डब्यातला लाडू देतात. एका तरुण पेशंटने इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट पाठवली. दोन्हीला एकच नियम?

मुळाशी एकच गोष्ट आहे. रुग्ण आपल्या आयुष्यातलं एखादं नातं तुमच्यावर पांघरतो. नर्स-रुग्ण नात्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो हे हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये मांडलं, आणि आपल्याकडे शेवटच विसरला जातो. पोस्टिंग संपायच्या दोन दिवस आधी आजींना सांगा, ‘शनिवारपासून मी दुसऱ्या वॉर्डात.’ न सांगता गायब झालात तर आजी दाराकडे बघत बसतात. लाडू सगळ्या टीमसोबत खा. पैसे, साडी नाही. रिक्वेस्ट स्वीकारू नका, उत्तरही नको, ट्यूटरला सांगून ठेवा. ब्रदर मंडळींनो, हे तुम्हालाही लागू.

१७. पेशंट म्हणाली, ‘कुणाला सांगणार नसशील तर सांगते.’ मी शपथ घेतली. मग म्हणाली, जगायचं नाहीये. आता?

ही शपथ मोडायची. तिला सांगूनच: ‘तुम्ही मला सांगितलंत हे बरं केलंत. हे मी एकटीने पोटात ठेवू शकत नाही, सिस्टरना सांगणार आहे, आणि तोवर इथेच बसते.’ एकटं सोडू नका, दुसऱ्या मुलीला निरोप घेऊन पाठवा. ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा, काही ठरवलंय का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारं कुणीतरी आहे, याचा आधार होतो. खाटेजवळच्या ओढण्या, ब्लेड, साठवलेल्या गोळ्या यांकडे लक्ष द्या. पुढच्या वेळी शपथच घेऊ नका. ‘आधी सांगा, सांगण्यासारखं नसेल तर नाही सांगणार’ असं म्हणा.

पोलिसांच्या भीतीने कुणी लपवत असेल तर हे माहीत असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा केली जात नाही.

हेच विचार तुमच्या मनात येत असतील तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं. दोन आठवडे झोप, भूक, रस असं सगळंच गेलं असेल तर विचार यायची वाट न बघता फोन करा. मानसोपचाराच्या गोळ्या सुरू असतील तर ट्यूटरला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. नाईटच्या रोस्टरपुरतं सांगितलेलं मात्र सोयीचं पडतं, कारण झोप मोडली की बऱ्याच जणांची तब्येत पुन्हा बिघडते.

१८. नाईट करून आले की हॉस्टेलवर सगळ्यांशी भांडते. स्वभावच बदलला का?

सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, असं १९९० च्या दशकात मोजलं गेलंय. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे नाईट करून आलेली मुलगी कायद्याच्या हिशेबात ‘प्यायलेली’. तिच्याशी बादलीच्या नंबरावरून वाद घालू नका, आणि तीच तुम्ही असाल तर स्कूटीला हात लावू नका. झोपून उठल्यावर जो स्वभाव उरतो तो तुमचा.

१९. आता मला घरातल्या सगळ्यांत डिफेन्स मेकॅनिझम (मनाने स्वतःला वाचवायच्या नकळत युक्त्या) दिसतात. सांगितलं की ते चिडतात. खरं बोलले तरी?

शिकलेली नावं वॉर्डात केअर प्लॅनपुरती ठेवा. घरात ती माणसावर डकवली की प्र. १ मधली खोडच वेगळ्या भाषेत होते. आमची एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीत आईला म्हणाली, ‘तू बाबांचा राग माझ्यावर काढतेस, याला डिस्प्लेसमेंट म्हणतात.’ आईने पाटीतून जुडी उचलून तिच्यासमोर ठेवली. ‘आणि याला मेथी म्हणतात. निवडायला घे.’